बिनसोड्याच्या गुळाचे साडेअकरा गुंठे

विष्णुपुरी, नांदेड
२० फेब्रुवारी २०१२

ती. सिंधुआत्या,

तुझ्या दोन्ही पायांना नमस्कार लिहिणार होते, पण उजव्या गुडघ्याला कुणी हात लावलेला तुला सोसत नाही, म्हणून सध्या डाव्याच पायाला करते. उजवा बरा झाला की त्याचा राहिलेला नमस्कार समक्ष येऊन करीन. कसा आहे गुडघा? डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करतेस, का भाकरी थापताना होतो तोच व्यायाम म्हणून त्यांना सांगतेस? अण्णांनी (म्हणजे तुझ्या व्यंकटदादानं) चाकूरहून फोन केला होता. म्हणाले, लातुरात आता पोरांपेक्षा क्लासचे बोर्ड जास्त झालेत आणि सिंधुच्या खानावळीत दुपारी तीन-तीन पंगती उठून राहिल्यात. ऐकून बरं वाटलं. इकडं मी मजेत आहे. जेवण वेळेवर होतं, झोप लागते, आणि अंगावर सदा कुठं ना कुठं काळा डाग असतो, त्याची आता सवय झाली.

फोन सोडून पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. फोनवर तू दोन वाक्यं ऐकतेस आणि "बरं बरं, कुकर झाला" म्हणून ठेवून देतेस. मला सांगायचंय ते शेवटपर्यंत ऐकण्यासारखं आहे आणि मधे तुला बोलता येऊ नये हे तर फारच गरजेचं आहे. शिवाय संक्रांतीला सगळ्यांपुढं तू विचारलंस, "तने, क्लासमधली नोकरी सोडून तू तिकडं नेमकं काय करून राहिलीस?" मी म्हटलं, संशोधन. तू म्हणालीस, "ते कळलं गं, पण काय?" आत्या, साडेतीन वर्षांत हा प्रश्न घरातल्या कुणी विचारला नव्हता. सगळे "कधी संपणार?" एवढंच विचारतात. म्हणून तुला नीट उत्तर द्यायचं ठरवलं.

तर ऐक. उसात साखर असते आणि साखरेत कोळसा लपलेला असतो. गुळाचा पाक करपला की पातेल्याच्या बुडाला जे काळं लागतं, ते तेच. तू ते काथ्यानं घासून काढतेस, मी त्याच्यावर पीएच.डी. करते. फरक एवढाच, की मी गूळ हवा लागू न देता करपवते. लांब नळीसारखी विजेची भट्टी असते, तिच्यातून नायट्रोजन नावाचा गॅस सोडायचा आणि आठशे डिग्रीपर्यंत तापवायची. त्या कोळशाला आतून भोकं पडली पाहिजेत, अशी बारीक की तुझ्या एका केसाच्या जाडीत तीस-चाळीस हजार शेजारी शेजारी बसतील. पाण्यातला रंग, घाण वास, शेतातून उतरलेलं फवाऱ्याचं औषध, हे सगळं त्या भोकांच्या भिंतींना जाऊन चिकटतं आणि पाणी स्वच्छ होतं. भोकं जास्त तर भिंती जास्त. त्या भिंती मशिनवर मोजता येतात. चांगला कोळसा असेल, तर चिमूटभर म्हणजे एका ग्रॅममधल्या भिंती उलगडून अंथरल्या तर दहा-बारा गुंठे जमीन झाकली जाते. अण्णांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी सुपारी चघळत विचारलं, "सातबारा कुणाच्या नावावर निघतो?" (त्यानंतर त्यांनी माझ्या संशोधनाची चौकशी केलेली नाही.)

बाजारात असा कोळसा मिळतो, नाही असं नाही. पण तो करायला जहाल क्षार लागतात, हाताची सालटी निघतात आणि धुतलेलं पाणी कुठं टाकायचं हा घोर. आमचे शेषेराव सर, म्हणजे माझे मार्गदर्शक, यांची वीस वर्षांची इच्छा की झाडाच्या साखरेपासून, वरून काही न घालता, भोकांचा कोळसा करावा. सर देवमाणूस आहेत. त्यांना एकच नाद आहे, तो शीर्षकांचा. प्रयोग सुचण्याआधी त्यांना प्रबंधाचं शीर्षक सुचतं. मी बोलता बोलता सांगून गेले, की माझ्या आत्याच्या खानावळीत बिनसोड्याचा, बिनरसायनाचा गूळ असतो, आणि तसा लाल अक्षरांत बोर्डच आहे. सर खुर्चीतून उठले. "बिनरसायनाचा!" म्हणाले, आणि त्याच आठवड्यात शीर्षक विद्यापीठात गेलं: 'ग्रामीण गुळापासून कोणत्याही रसायनाविना सच्छिद्र कार्बनची निर्मिती'. तेव्हा तू मला पाच किलोचा डबा भरून दिलास, आठवतं? "पोरगी बारीक झालीय, रोज शेंगदाण्यासंग खात जा" म्हणालीस. आत्या, क्षमा कर. त्यातला अर्धा किलो मी खाल्ला, थोडा मुंग्यांनी, आणि बाकीचा भट्टीनं.

पहिल्याच दिवशी तुझ्या गुळानं घात केला. मी बोटाएवढ्या चिनीमातीच्या वाटीत गूळ ठेवून नळीत सरकवला आणि भट्टी चालू केली. दीडशे-दोनशे डिग्रीला तो फुगायला लागला. फुगला म्हणजे किती? नागपंचमीच्या लाह्या परवडल्या. वाटीतून उतू गेला, नळीभर झाला, गॅसला वाट राहिली नाही, आणि नळीच्या तोंडाचं रबरी बूच सुटलं ते समोर बसलेल्या सरांच्या डब्यात, वरणात जाऊन पडलं. सरांनी बूच काढून बाजूला ठेवलं आणि वरण संपवलं. (म्हणून म्हटलं, देवमाणूस.) पण नळी गच्च बसली. नवी परदेशातून यायला चार महिने, आणि हिसका द्यावा तर ती काचेसारखी फुटते.

नळी सोडवली आमच्या गुलाम रसूल चाचांनी. गावातल्या इतवारा भागात ज्यांच्या माडीवर मी भाड्यानं राहते, ते हे चाचा आणि त्यांच्या बेगम, मलिकाखाला. खाली चाचांचं स्टोव्ह-कुकर दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. चाचा ऑटोतून विष्णुपुरीला विद्यापीठात आले, नळीला डोळा लावून पाहिलं, सायकलच्या तारेला पुढं वाकवून एक आकडा केला, आणि दोन तास कान कोरावा तसा तो कोळसा कण-कण करून बाहेर काढला. शेवटी हात पुसत म्हणाले, "बेटा, इतकं फुगून राहिलं म्हणजे ह्याच्यात सोडा हाय."

मी हसले. "नाही हो चाचा. आत्याच्या खानावळीत बोर्ड आहे."

"बोर्डावर असंल," चाचा म्हणाले. "मी डब्यातल्या गुळाचं बोलून राहिलो."

मी एम.एस्सी. आहे, आत्या. लातुरात दोन वर्षं माईक लावून हजार पोरांना रसायनशास्त्र शिकवलंय. सोडा तापला की गॅस सुटतो आणि पदार्थ फुगतो, हे समीकरण फळ्यावर शंभरदा लिहिलंय. पण समोर फुगलेला गूळ आणि मनात तुझा बोर्ड, यांत मी बोर्डावर विश्वास ठेवला. चाचांना चहा पाजला आणि विषय संपवला.

पुढं वाटी मोठी घेतली, गूळ कमी घेतला, आणि काम चांगलं चाललं. आठ महिन्यांनी हातात एक बाटली आली. छान बारीक, मखमलीसारखी काळी पूड. थोडी हैदराबादच्या मशिनवर पाठवली तर उत्तर आलं: ग्रॅमला सहा गुंठे! बिनरसायनाचे सहा गुंठे! सरांनी पेढे वाटले. महिन्याभरानं समितीपुढं सादरीकरण ठरलं. उरलेली बाटली तिथं सगळ्यांसमोर निळ्या पाण्यात टाकून रंग घालवून दाखवायचा, असा बेत होता. प्रयोगशाळेत फरशीचं काम निघालेलं, म्हणून बाटली मी खोलीवर आणली आणि मोरीजवळच्या फळीवर ठेवली. तिथंच का ठेवलीस, असं विचारू नकोस. सरांनी विचारलं, चाचांनी विचारलं, मी स्वतःला रोज विचारते.

सकाळी उठून पाहते तर मलिकाखाला मोरीवर बसून दात घासून राहिलेल्या. मला पाहून हसल्या. आत्या, खालांचे दात पान-तंबाखूनं चाळीस वर्षं विटकरी होते. त्या दिवशी ते मोत्यासारखे चमकत होते.

"लई मस्त मंजन आणलंस बेटा," खाला म्हणाल्या. "कसं बारीक दळलंय! कुठल्या दुकानातलं?"

मी बाटली उलटी करून पाहिली. तळाला चिमूटसुद्धा नव्हती.

"सगळं संपलं, खाला?"

"मी एकटीनं नाही गं. शेजारच्या दोघींनाबी दिलं. चांगली चीज एकट्यानं वापरावी का?"

मी पायरीवर बसले. रडूही येईना. आठ महिने, सहा गुंठे, आणि तीन बायकांचे दात. खालांना जेव्हा कळलं की ते माझं कॉलेजचं काम होतं, तेव्हा त्यांनी चूळ भरली, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्या शेजारी येऊन बसल्या. दुपारपर्यंत त्या शेजारणींकडं पुन्हा पुन्हा जाऊन विचारत होत्या, की थोडं तरी उरलंय का. त्या दिवशी त्यांनी मला भरवून जेवू घातलं आणि स्वतः काही खाल्लं नाही. मग मलाच त्यांची समजूत काढावी लागली, की त्यात काय, गूळ आहे, भट्टी आहे, पुन्हा करीन.

पुन्हा केलं. तुझा डबा संपलेला, म्हणून नांदेडच्या बाजारातून गूळ आणला, काळपट, चिक्की गूळ. तो जराही फुगला नाही. मला वाटलं, वा, शहाणा गूळ आहे. कोळसा झाला, निळ्या पाण्यात टाकला, हलवला, गाळला. पाणी निळं ते निळंच. तीनदा केलं, तीनदा निळं. सादरीकरणाला पंधरा दिवस राहिले. सर रोज फक्त "होईल" म्हणायचे, पण चहात साखर टाकायची विसरायला लागले. मी ठरवलं, तुझा गूळ जिथून येतो तिथंच जाऊन उभं राहायचं, म्हणजे गौरम्माच्या गुऱ्हाळावर.

आत्या, आता पुढचं वाचण्याआधी खाली बस. पोरींना म्हणावं भाजीकडं बघा.

चाकूरहून उदगीरच्या वाटेवर, रस्त्याला लागूनच गौरम्माचं गुऱ्हाळ. तुझं नाव सांगितल्यावर तिनं मला खाटेवर बसवलं, ताजा रस दिला, काकवी दिली. मी सकाळपासून वही घेऊन कढईशेजारी. रस उकळला, भेंडीच्या झाडाचा चिकट रस पडला, मळी वर आली, काढली. सगळं बिनरसायनाचं, वहीत लिहून घेतलं. पाक घट्ट व्हायला आला तेव्हा गौरम्मा मला म्हणाली, "बाई, ते बैल बघून ये जरा, सुटला का बांधलाय." मी गेले आणि अर्ध्यातून मागं वळले. गौरम्मानं कमरेची पुडी सोडली आणि पांढरी पूड दोन मुठी भरून कढईत टाकली.

"ते काय हो, गौरम्मा?"

"अय्यो, आलीस व्हय," म्हणाली. "काय न्हाई. बसवण्णाची इभूत हाय."

दोन मुठी इभूत, आत्या! इतकी मठातसुद्धा एका दिवसाला लागत नसेल. मी पुडीला बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं. खारट, साबणासारखं. रसायनशास्त्रात खाऊन बघायचं नसतं, असं मी हजार पोरांना शिकवलंय, पण तेव्हा धीर नव्हता.

"सोडा आहे हा," मी म्हटलं.

गौरम्मा कढईत उलथणं फिरवत राहिली. मग म्हणाली, "गिऱ्हाइकाला गूळ पिवळाबी पायजे आन बिनसोड्याचाबी पायजे. मी काय करू? सोडा कढईत टाकते आन बिनसोड्याचा म्हणून तोंडानं सांगते. दोघं खुश." थोड्या वेळानं हळूच विचारलं, "तू पुस्तकात लिहिणार?"

मी लिहिणार होते. लिहावंच लागणार होतं. गौरम्माच्या तोंडाकडं बघवेना, म्हणून काकवी संपवली.

परतीच्या बसमध्ये मी हिशेब जुळवत होते. तुझा गूळ फुगत होता तो सोड्यामुळं, भोकं पडत होती ती सोड्यामुळं, आणि आमचं शीर्षक विद्यापीठाच्या कागदावर 'कोणत्याही रसायनाविना' असं ठणठणीत उभं. नांदेड येईपर्यंत मी ठरवलं होतं, की सरांना सांगायचं, पाया पडायचं आणि लातूरला येऊन माईक हातात घ्यायचा. क्लासवाले अजून फोन करतात. बोर्डावर माझा फोटो लावायला तयार आहेत, तोही शेवग्याच्या शेंगेएवढ्या खडूसह.

दुसऱ्या दिवशी सरांच्या खोलीत उभी राहिले आणि सगळं सांगितलं: बूच, चाचा, बोर्ड, इभूत. सर ऐकत होते. खिडकीतून धरणाचं पाणी दिसत होतं, तिकडं बघत बसले. मग त्यांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडून राहिले. सर हसत होते, आत्या! चष्मा काढून डोळे पुसत.

"अगं," म्हणाले, "लोक जहाल क्षार टाकून हात पोळून घेतात. तुझ्या गौरम्मानं ते काम खायच्या सोड्यावर केलं. आपण वीस वर्षं 'विना'च्या मागं लागलो. तो एक शब्द खोड आणि सोडा लिही."

सरांनी सादरीकरण दोन महिने पुढं ढकलून घेतलं. मग आम्ही चोरून नाही, मोजून सोडा टाकला. निम्मा, बरोबरीनं, दुप्पट. चाचांनी फुगलेलं बाहेर येऊ नये म्हणून पत्र्याची टोपीवाली वाटी करून दिली, अशी की गॅस जातो आणि कोळसा आत राहतो. (चाचा "मी म्हटलं होतं" असं एकदाही म्हणाले नाहीत. खाला रोज म्हणतात.) नांदेडचा काळपट गूळ घेतला, त्यात सोडा मिसळला, कोळसा केला, गरम पाण्यानं धुऊन उरलेला सोडा काढून टाकला. निळ्या पाण्यात टाकला, हलवला, गाळला. आणि आत्या, पाणी असं निघालं जसं नळाला कधी येत नाही. हैदराबादहून आकडा आला: ग्रॅमला साडेअकरा गुंठे.

परवा सादरीकरण झालं. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांनी निळं पाणी नितळ झालेलं पाहिलं, ग्लास उजेडात धरला, आणि विचारलं, "ही सोड्याची कल्पना कोणत्या शोधनिबंधातून घेतली?" मी सरांकडं पाहिलं. सर म्हणाले, "खरं सांग." मी म्हटलं, "उदगीर रोडच्या एका कढईतून, सर." ते हसले आणि त्यांनी लिहून घेतलं. प्रबंध सादर करायला परवानगी मिळाली. पुढचं वर्ष मी इथंच आहे. क्लासवाल्यांचा फोन आला तर त्यांना सांग, की पोरगी रोज तीन ग्रॅम कोळसा करते आणि लई सुखात आहे. खरंच आहे, आत्या. भट्टी चालू केली की पाच तास तिच्याजवळ बसावं लागतं. समोर धरण, शेजारी सर काहीतरी शीर्षक पुटपुटत असतात. कुणी घाई करत नाही.

तर एवढंच सांगायचं होतं, की तुझ्या खानावळीच्या गुळात सोडा आहे. तुला फसवलं गेलं हे वाचून वाईट वाटेल, पण गौरम्मावर रागावू नकोस. गूळ चांगलाच आहे, खाणारी पोरं डॉक्टर झाली. बोर्डाचं काय करायचं ते तू ठरव. गुडघ्याला गार पाणी लावू नकोस. पंगतीतल्या सगळ्यांना माझा एकेक घास जास्त वाढ.

तुझी,
काळ्या हातांची तनुजा

ता. क. – वर मी चार पानं जपून-जपून लिहिलं, ते आता खरं तर वाया गेलं म्हण. गुऱ्हाळावरून निघताना गौरम्मानं हाक मारून थांबवलं आणि म्हणाली, "आन तुझ्या आत्याला कसं सांगू म्हणतीस, तर ऐक. सोडा टाक म्हणून बारा वर्षांखाली तिनंच सांगितलं. काळा गूळ पोरं ताटात तसाच सोडतेत, उपाशी राहतेत म्हणाली." आत्या! मला तू तो डबा देताना डोळ्यांत डोळे घालून 'बिनसोड्याचा' म्हणालीस. तुला कळावं म्हणून लिहिते, की मला राग आला नाही. बसमध्ये हिशेबाला लागण्याआधी मी एकटीच हसत होते आणि शेजारची बाई सरकून बसली.

ता. क. दुसरा – पत्र खरं या कामासाठी लिहायला घेतलं. प्रबंधात कच्चा माल कुठून आला आणि पद्धत मूळ कुणाची, ते नावानिशी छापावं लागतं. गौरम्माचा संमतीचा अंगठा मी पुन्हा जाऊन घेऊन आले, ती म्हणाली, "छाप, पण सिंधुचं नाव माझ्या वर टाक." आणि मग मी अडकले. तू पूर्ण नाव काय लावतेस, तेच मला माहीत नाही. पोरं आत्या म्हणतात, रेशन कार्डावर 'सिंधुबाई' एवढंच आहे, आणि अण्णांकडं त्र्याण्णवच्या भूकंपाच्या मदतीच्या यादीचा जुना कागद आहे त्यावर तर नावच नाही, 'कै. दगडोबा यांची पत्नी' असं आहे. अण्णांना विचारलं, ते म्हणाले, तिलाच विचार, माहेरचं लावते का सासरचं. तर तुला जे आवडेल ते, जसं हवं तसं, स्वतःच्या हातानं एका कागदावर लिहून पाठव. सोड्याच्या शेजारी छापलं जाईल आणि कायमचं राहील, हे आधीच सांगते. अक्षर कसंही असू दे. मी तसंच्या तसं उतरवीन.